बॅरी गोल्डवॉटर: ५० पैकी ४४ राज्यं हरलेला माणूस एवढा महत्त्वाचा कसा?

वाटसरू

अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाविषयी काहीही वाचायला घेतलं की कुठे ना कुठे बॅरी गोल्डवॉटर हे नाव येतंच. ॲरिझोनाचे सिनेटर, १९६४ चे अध्यक्षपदाचे उमेदवार. निकाल बघितला तर लिंडन जॉन्सन यांना ६१ टक्के मतं, यांना साडेअडतीस. इलेक्टोरल मतं ४८६ विरुद्ध ५२. इतका सपाटून मार खाल्लेल्या माणसाला तिथल्या आजच्या उजव्या राजकारणाचा मूळपुरुष मानतात, ते कशाच्या जोरावर?

अडलंय ते असं. पक्षातले बडे गव्हर्नर विरोधात, मोठ्या वर्तमानपत्रांचाही विरोध, तरी उमेदवारी मिळाली कशी? त्यातून प्रायमऱ्यांमध्येही (पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणारं मतदान) त्यांनी काही फार दिवे लावले नव्हते. दुसरं म्हणजे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं म्हणून काही जण त्यांना वर्णद्वेष्टे ठरवतात, काही जण ते साफ नाकारतात. आणि हरल्यावर पुढे काय केलं? सनावळी वाचून झाली आहे, ती नको. आतली यंत्रणा कशी चालली ते कुणी सांगितलं तर बरं होईल.

हिशेबनीस

उमेदवारीचं आधी सांगतो, कारण खरी करामत तिथेच आहे.

आज प्रायमरी म्हणजेच सगळं, हे डोक्यातून काढा. १९६४ साली प्रायमऱ्या जेमतेम पंधरा-सोळा राज्यांत होत्या आणि त्यातल्याही काहींचा निकाल डेलिगेटांवर, म्हणजे राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींवर, बंधनकारक नव्हता. बाकी सगळीकडे डेलिगेट ठरायचे पायऱ्यापायऱ्यांनी. सगळ्यात खाली मतदान केंद्राच्या पातळीवरची सभा. तिने निवडलेली माणसं काउंटीच्या अधिवेशनात जाणार, तिथून पुढे काँग्रेसच्या मतदारसंघाच्या आणि राज्याच्या अधिवेशनात, आणि तिथून राष्ट्रीय अधिवेशनाला. तळाची सभा एखाद्या शाळेच्या खोलीत किंवा कुणाच्या तरी घरीच भरायची. तिला येतंय कोण? मूठभर नेहमीचे कार्यकर्ते. तुम्ही त्यांच्यापेक्षा चार-दोन डोकी जास्त नेऊन बसवलीत की काउंटीला जाणारे सगळे तुमचे. एकदा ही पायरी हातची गेली की वरच्या पायरीवर कितीही नावाजलेला माणूस उभा करा, उपयोग नाही, कारण तिथे हात वर करायचा हक्क खालून आलेल्यांनाच.

हे पुरतं ओळखलेला माणूस म्हणजे एफ. क्लिफ्टन व्हाइट. न्यूयॉर्कचा, यंग रिपब्लिकन संघटनेच्या आतल्या लढायांमध्ये मुरलेला. ऑक्टोबर १९६१ मध्ये शिकागोतल्या एका मोटेलात वीस-बावीस जणांना जमवून त्याने काम सुरू केलं. विल्यम रशर आणि काँग्रेसमन जॉन ॲशब्रुक हे त्याचे सुरुवातीचे साथीदार. पुढे न्यूयॉर्कच्या चॅनिन बिल्डिंगमध्ये ३५०५ क्रमांकाची जागा घेतली. देशाचे विभाग पाडले, विभागाला प्रमुख नेमला, आणि कोणत्या राज्यात कोणती सभा कधी, तिचे नियम काय, ते ठरवणारा माणूस कोण, याच्या फायली तयार झाल्या. निवडणुकीला अजून तीन वर्षं होती, हे लक्षात घ्या.

गंमत म्हणजे खुद्द गोल्डवॉटर तयारच नव्हता. जानेवारी १९६३ मध्ये त्याने व्हाइटला तोंडावर नाही म्हणून सांगितलं. तेव्हा या मंडळींनी ठरवलं की न विचारताच घोड्यावर बसवायचं. एप्रिलमध्ये टेक्सासच्या पीटर ओडॉनेलला अध्यक्ष करून उघड समिती काढली. त्यानंतर नोव्हेंबरात केनेडींचा खून झाला. केनेडींशी समोरासमोर वाद घालायला गोल्डवॉटर उत्सुक होता. टेक्सासच्या जॉन्सनविरुद्ध लढायची त्याला हौस नव्हती, कारण दक्षिणेचं सगळं गणितच बदलत होतं. तरी ३ जानेवारी १९६४ ला त्याने फीनिक्सजवळच्या आपल्या घरून उमेदवारी जाहीर केली. टाचेची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, त्यामुळे कुबड्यांवर.

आता आकडे. एकूण डेलिगेट १३०८, जिंकायला ६५५. न्यू हॅम्पशायरला १० मार्चला तो आपटला. तिथे जिंकला हेन्री कॅबट लॉज, जो तेव्हा सायगावला राजदूत होता आणि ज्याचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंही नव्हतं. लोकांनी हाताने लिहून त्याला ३५ टक्के दिले. गोल्डवॉटर २२ वर. ओरेगॉन न्यूयॉर्कचा गव्हर्नर नेल्सन रॉकफेलरने घेतलं. वर्तमानपत्रांनी गोल्डवॉटर संपला असं लिहायला घेतलं. त्याच आठवड्यांत काउंटी आणि जिल्ह्यांच्या अधिवेशनांत व्हाइटची माणसं निवडून येत होती आणि ती बातमी पहिल्या पानाची नव्हती.

मग २ जूनचं कॅलिफोर्निया. तिथे जिंकेल त्याला सगळेच्या सगळे ८६ डेलिगेट. गोल्डवॉटरला ५१.६ टक्के, फरक सुमारे ६८ हजार मतांचा, तोही मुख्यतः लॉस एंजेलिस आणि ऑरेंज काउंटीत दारोदार फिरलेल्या स्वयंसेवकांमुळे. रॉकफेलरचा घटस्फोट आणि वर्षभरापूर्वीचं दुसरं लग्न लोक विसरायला आले होते, तोच मतदानाच्या तीन दिवस आधी, ३० मे रोजी त्याला मुलगा झाला. विषय पुन्हा प्रत्येकाच्या तोंडी.

पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर स्क्रँटन मैदानात उतरला १२ जूनला, म्हणजे डेलिगेट निवडून झाल्यावर. वरातीमागून घोडं. त्याच्या कर्मचाऱ्यांनी त्याच्या सहीने गोल्डवॉटरला एक शिवराळ पत्र धाडलं, जे त्याने स्वतः पाहिलंही नव्हतं. गोल्डवॉटरच्या लोकांनी त्याच पत्राच्या प्रती काढून डेलिगेटांना वाटल्या, आणि जे थोडे डळमळीत होते तेही घट्ट झाले. राष्ट्रीय अधिवेशन भरलं त्या काऊ पॅलेस सभागृहाच्या मागे व्हाइटने एक ट्रेलर उभा केला होता. तिथून सभागृहातल्या आपल्या प्रत्येक गटापर्यंत थेट टेलिफोन. पहिल्याच फेरीत ८८३. स्क्रँटन २१४, रॉकफेलर ११४.

वाटसरू

फारच सविस्तर, आभार. म्हणजे मतदारांचं मन न वळवता फक्त संघटनेच्या बळावर उमेदवारी काढली, असंच ना?

हिशेबनीस

अगदी तसंच नाही. पक्षाच्या तळाला तोच हवा होता. दहा वर्षं तो राज्याराज्यांत पक्षासाठी पैसे जमवायला जेवणावळी करत फिरला होता, सिनेटसाठीच्या प्रचार समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं. जिल्ह्याचा अध्यक्ष त्याला नावाने ओळखायचा. शिवाय १९६० साली त्याच्या नावाने निघालेलं छोटेखानी पुस्तक हातोहात खपलं होतं (लिहून दिलं होतं ब्रेंट बोझेलने). व्हाइटने त्या आवडीला नियम आणि तारखा जोडून दिल्या. रॉकफेलरकडे पैसा होता, पण तळाच्या सभेला जाऊन रात्री अकरापर्यंत बसणारी माणसं नव्हती.

कायदेकानू

नागरी हक्कांच्या मताबद्दल.

१९५७ आणि १९६० या दोन्ही नागरी हक्क कायद्यांना गोल्डवॉटर यांनी पाठिंबा दिला होता. ॲरिझोनाच्या एअर नॅशनल गार्डची उभारणी त्यांनी केली ती वर्णभेद न ठेवता, ट्रूमन यांचा १९४८ चा सैन्याविषयीचा आदेश निघायच्या आधी. तेव्हा माणूस म्हणून ते वर्णद्वेष्टे होते असं म्हणायला आधार नाही.

१९६४ च्या कायद्यात त्यांचा आक्षेप दोन प्रकरणांना होता. दुसरं प्रकरण, म्हणजे हॉटेलं, खानावळी, थिएटरं अशा खासगी मालकीच्या पण सर्वांसाठी उघड्या जागा. आणि सातवं प्रकरण, म्हणजे नोकरीतला भेदभाव. त्यांचं म्हणणं असं की मतदानाचा हक्क राखणं हे संघराज्याचं काम आहे, पण खासगी धंदेवाल्याने कुणाला गिऱ्हाईक मानावं आणि कुणाला नोकरीवर घ्यावं हे ठरवायचा अधिकार घटनेने वॉशिंग्टनला दिलेला नाही. हा कायदेशीर सल्ला त्यांनी घेतला होता फीनिक्सचे वकील विल्यम रेनक्विस्ट आणि येलचे प्राध्यापक रॉबर्ट बॉर्क यांच्याकडून. रेनक्विस्ट पुढे सरन्यायाधीश झाले.

क्रम लक्षात ठेवा, कारण इथे गल्लत होते. १० जूनला चर्चा संपवण्याचा ठराव ७१ विरुद्ध २९ ने मंजूर झाला आणि दक्षिणेकडच्या सिनेटरांचं अडवणुकीचं भाषणसत्र थांबलं. १९ जूनला अंतिम मतदान झालं, ७३ विरुद्ध २७. गोल्डवॉटर दोन्ही वेळा विरोधात. अंतिम मतदानात २७ रिपब्लिकनांनी कायद्याला साथ दिली आणि सहाच विरोधात गेले. म्हणजे उमेदवारी मिळायच्या चार आठवडे आधी ते स्वतःच्याच पक्षात एकटे पडले होते.

घटनेचा मुद्दाही त्यांना साथ देणारा ठरला नाही. आंतरराज्य व्यापारावर नियंत्रण ठेवायच्या अधिकारात हे बसतं, असा निर्णय सुप्रीम कोर्टाने त्याच डिसेंबरात अटलांटातल्या एका मोटेलच्या खटल्यात दिला, तोही एकमताने.

उंबरठा

कायदेकानू, मनात काय होतं यावर तुम्ही दिलेला निवाडा मान्य. पण राजकारणात मनात काय होतं यापेक्षा मतपेटीत काय पडलं ते बघावं लागतं.

जिंकलेली सहा राज्यं बघा: ॲरिझोना, आणि मग लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना. १९६० मध्ये रिपब्लिकन उमेदवार निक्सनने जिंकलेल्या २६ राज्यांपैकी टिकलं एकटं ॲरिझोना, तेही पाच हजारांहून कमी मतांनी. मिसिसिपीत ८७ टक्के मतं. हे ८७ टक्के कुणाचे? तिथल्या पात्र कृष्णवर्णीयांपैकी तेव्हा सात टक्क्यांचीही मतदार नोंदणी नव्हती. जॉर्जियाने तर रिपब्लिकन उमेदवाराला आयुष्यात पहिल्यांदा निवडलं, आणि त्याच दिवशी व्हरमाँटने पहिल्यांदा डेमोक्रॅटला.

आणि हे अनवधानाने झालं म्हणाल तर तेही नाही. १९६१ मध्येच अटलांटात त्यांनी सांगितलं होतं की कृष्णवर्णीयांची मतं एकगठ्ठा आपल्याला मिळणार नाहीत, तेव्हा बदकं जिथे आहेत तिथे शिकारीला जावं. जुलै १९६४ मध्ये अलाबामाचा वर्णभेदवादी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस अध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाजूला झाला, सप्टेंबरात साउथ कॅरोलायनाचा सिनेटर स्ट्रॉम थरमंडने डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकनांत प्रवेश केला. निक्सनला १९६० मध्ये कृष्णवर्णीयांची जवळपास तिसरा हिस्सा मतं होती. गोल्डवॉटरला सहा टक्के. ती दरी नंतर कधी भरली नाही. पक्षाला ही फार महाग पडलेली तत्त्वनिष्ठा आहे, आणि किंमत भरली ती पक्षापेक्षा जास्त दुसऱ्यांनीच.

कायदेकानू

हो, परिणामांबद्दल दुमत नाही.

हिशेबनीस

आता जुलैनंतर बिघडलं कुठे, तेही लिहितो. नुसतं 'फार उजवा होता म्हणून हरला' हे उत्तर अपुरं आहे. जॉन्सन तसाही हरत नव्हता. केनेडींच्या खुनाला वर्ष झालं नव्हतं, अर्थव्यवस्था जोरात होती, आणि चौदा महिन्यांत तिसरा अध्यक्ष आणायला मतदार तयार नव्हता. पण ६१ टक्के होऊ देण्यात गोल्डवॉटरच्या गोटाचा हात मोठा.

पहिली चूक अधिवेशनातच. परंपरेने विजेता हरलेल्यांना जवळ घेतो, उपाध्यक्षपद त्यांच्यातल्या कुणाला देतो. इथे रॉकफेलरला व्यासपीठावर हुर्यो उडवून बोलू दिलं नाही, आणि स्वीकाराच्या भाषणात स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी टोकाची भूमिका घेणं हा दुर्गुण नव्हे, हे वाक्य आलं. ते राज्यशास्त्राचा प्राध्यापक हॅरी जाफाने लिहिलेलं. विरोधक ज्या शब्दाने झोडपत होते तोच शब्द स्वतःहून अंगावर घेतला. उपाध्यक्षपदाला विल्यम मिलर, न्यूयॉर्क राज्यातला फारसा कुणाला माहीत नसलेला काँग्रेसमन.

दुसरी चूक माणसं बदलण्याची. ज्या व्हाइटने डेलिगेट आणून दिले त्याला पक्षाध्यक्षपद हवं होतं. गोल्डवॉटरने ते दिलं ॲरिझोनाच्या डीन बर्चला, वय ३६. प्रचाराची सूत्रं फीनिक्सचा वकील मित्र डेनिसन किचेल याच्याकडे, ज्याने राष्ट्रीय प्रचार कधी हाताळलाच नव्हता. व्हाइटला एका नागरिक समितीवर बसवलं. अनोळखी माणसावर भरवसा टाकायचा नाही, हा उमेदवाराचा स्वभाव. उमेदवारी मिळेपर्यंत तो खपून गेला, पन्नास राज्यांत नाही.

तिसरी म्हणजे तोंड. न्यू हॅम्पशायरमध्येच सोशल सिक्युरिटी ऐच्छिक करण्याबद्दल बोलून बसला होता. पेन्शनवर जगणाऱ्यांनी त्याचा अर्थ पेन्शन बंद असा घेतला. टेनेसीत जाऊन टेनेसी व्हॅली प्रकल्प विकायला काढावा या मतावर ठाम राहिला, जिथली वीजच त्या प्रकल्पाची. गरिबीने पिचलेल्या वेस्ट व्हर्जिनियात जॉन्सनच्या गरिबीविरोधी मोहिमेवर टीका केली. प्रामाणिकपणा म्हणून थोर, प्रचार म्हणून आत्मघात. छोट्या अण्वस्त्रांबाबत नाटोच्या सेनापतीला मोकळीक असावी, या बोलण्याचा डेमोक्रॅटांनी पुरेपूर फायदा उठवला. ७ सप्टेंबरला एनबीसीवर ती फुलाच्या पाकळ्या मोजणाऱ्या लहान मुलीची आणि मागोमाग अणुस्फोटाची जाहिरात लागली. तिच्यात गोल्डवॉटरचं नावच नाही. पैसे देऊन ती एकदाच दाखवली. पुढचं काम चॅनेलांच्या बातम्यांनी फुकट केलं.

जुनी फाइल

हिशेबनीस यांच्या प्रतिसादात एक तुकडा जोडतो: या पराभवातून उरलं काय. वाटसरू यांचा मूळ प्रश्न तोच आहे.

उरली यादी. त्याआधी पक्षाचा पैसा यायचा मोजक्या श्रीमंतांकडून. गोल्डवॉटरला लाखो लोकांनी पाच-दहा डॉलर पाठवले. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ५० डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्यांची नावं-पत्ते कनिष्ठ सभागृहाच्या क्लार्कच्या कचेरीत बघायला खुली असत. रिचर्ड व्हिगरी नावाच्या तरुणाने निवडणुकीनंतर तिथे बसून हाताने सुमारे साडेबारा हजार नावं उतरवून काढली. थेट टपालाने पैसा उभारायचा उजव्यांचा सगळा कारभार त्या वह्यांतून सुरू झाला.

दुसरं उरलं रेगन. २७ ऑक्टोबरला गोल्डवॉटरसाठी त्यांचं अर्ध्या तासाचं भाषण एनबीसीवर लागलं. निवडणूक गेली, पण दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, रेगन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. तिसरं, तळाच्या सभा काबीज करायला शिकलेली माणसं जागेवर राहिली. १९६४ च्या पराभवात कनिष्ठ सभागृहात रिपब्लिकन १४० वर आले होते, तरी पक्षाची राज्याराज्यांतली यंत्रणा परत मवाळांच्या हाती पूर्णपणे गेली नाही.

गोल्डवॉटर स्वतः १९६८ मध्ये सिनेटवर परतले. ७ ऑगस्ट १९७४ ला ते आणि पक्षाचे दोन्ही सभागृहांतले नेते, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स, वॉटरगेट प्रकरणात महाभियोगाच्या तोंडाशी आलेल्या अध्यक्ष निक्सनना भेटायला गेले. 'राजीनामा द्या' असं कुणी म्हणालं नाही. सिनेटमध्ये तुमच्या बाजूने जेमतेम पंधरा मतं आहेत, एवढं सांगितलं. वाचायला ३४ लागत होती. दुसऱ्या संध्याकाळी निक्सननी राजीनामा जाहीर केला. १९७६ मध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी गोल्डवॉटर यांनी रेगनना सोडून तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड यांना पाठिंबा दिला, त्याचा बऱ्याच उजव्यांना राग आला. १९८० मध्ये स्वतःची जागा दहा हजारांहून कमी मतांनी कशीबशी राखली. धर्माच्या नावाने राजकारण करणाऱ्या गटाशी त्यांचं कधी जमलं नाही: गर्भपाताचा निर्णय बाईचा, सैन्यात समलिंगींना बंदी नको, ही मतं ते म्हातारपणी उघड मांडत. मात्र सरकारी खर्चाला विरोध करणाऱ्या या माणसाने ॲरिझोनासाठी कोलोरॅडो नदीचं पाणी आणणारा कालवा केंद्राच्या पैशाने करून घेतला, हेही नमूद करायला हवं. लेक हवासूपासून फीनिक्स-टूसॉनकडे जाणारा हा कालवा ३३६ मैलांचा.

माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम १९८६ चा गोल्डवॉटर-निकोल्स कायदा. १९८० मध्ये इराणमधले ओलीस सोडवायची मोहीम वाळवंटात फसली, आठ जण गेले. १९८३ मध्ये ग्रेनेडात पायदळाचे आणि नौदलाचे रेडिओ एकमेकांशी बोलेनात. प्रत्येक दलाचा प्रमुख आपापलं राज्य चालवत होता. या कायद्याने हुकमाची साखळी सरळ केली: अध्यक्ष, संरक्षणमंत्री, आणि तिथून थेट त्या क्षेत्राचा संयुक्त सेनापती. दलप्रमुखांच्या हाती भरती, प्रशिक्षण आणि साहित्य पुरवणं उरलं. मुख्य लष्करी सल्लागार म्हणून एकच माणूस, संयुक्त प्रमुखांचा अध्यक्ष. आणि खरी मेख अशी की दुसऱ्या दलांबरोबर नेमणूक केल्याशिवाय जनरल किंवा ॲडमिरलपद नाही. बढती अडकली तेव्हा अधिकारी आपसूक संयुक्त कामाला लागले. सिनेटमध्ये ९५ विरुद्ध शून्य. आपल्याकडे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ आणि थिएटर कमांडची चर्चा निघते तेव्हा या कायद्याचा दाखला हमखास येतो तो याचसाठी.

अवांतर: दुसऱ्या महायुद्धात ते वाहतुकीची विमानं चालवत अमेरिकेतून भारतापर्यंत यायचे, आणि हिमालयावरून चीनला रसद नेणाऱ्या 'हंप' मार्गावरही उडाले होते. सैन्याबद्दलचं त्यांचं बोलणं ऐकीव नव्हतं.

वाटसरू

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं: 'गोल्डवॉटर रूल' म्हणतात तो हाच गोल्डवॉटर का?

कायदेकानू

हो, तेच. १९६४ मध्ये एका मासिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारलं की हे गृहस्थ अध्यक्षपदाला मानसिकदृष्ट्या लायक आहेत का. उत्तरं आली २,४१७, त्यातल्या १,१८९ जणांनी नाही म्हटलं. एकानेही त्यांना तपासलेलं नव्हतं, आणि मासिकाने तोच आकडा मुखपृष्ठावर छापला. गोल्डवॉटर यांनी बदनामीचा दावा लावला. ज्यूरीने १९६८ मध्ये नुकसानभरपाई म्हणून एक डॉलर आणि दंड म्हणून ७५ हजार डॉलर दिले. सार्वजनिक व्यक्तीला असा दावा जिंकायला खोटेपणा माहीत असून छापलं किंवा बेफिकिरीने छापलं हे सिद्ध करावं लागतं, त्यामुळे हा निकाल विरळाच.

त्यानंतर १९७३ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने आपल्या आचारसंहितेत कलम घातलं: स्वतः तपासल्याशिवाय आणि त्या व्यक्तीची संमती असल्याशिवाय सार्वजनिक व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत द्यायचं नाही. हा कायदा नव्हे. तो त्या संघटनेच्या सभासदांपुरताच लागू आहे, म्हणून टीव्हीवर बसलेला दुसरा कुणी बिनदिक्कत निदान सांगत असेल तर तो या नियमाच्या कक्षेत येतोच असं नाही.